आमच्या डंखावर तैवान

तैवानबद्दलचा लेख मी अर्धाच वाचला, आणि त्याची शिक्षा बायकोच्या डंखाला झाली. उरलेला अर्धा वाचायचा तर पैसे भरा, असं मोबाईलवर आलं होतं. मी भरले नाहीत. ज्ञान विकत घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

डंख म्हणजे काय, हे मुरबाड-शहापूरकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं, त्याखाली उखळं, आणि चहूबाजूंना शिंका. होळी झाली की बायका मिरच्या वाळवून, धणे-दगडफूल भाजून, डबे भरभरून येतात आणि वर्षाचा मसाला कुटून नेतात. पाऊस लागला की संपलं. टोकावड्याच्या रस्त्याला आमचा डंख आहे. आमचा म्हणजे बायकोचा. अठरा हंगाम तो तीच चालवते आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली (स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी), तेव्हापासून मीही तिथं असतो. मशीनचा पट्टा घसरला की चढवायचा, आणि एरवी तो घसरू नये अशी इच्छा करत बसायचं, हे माझं खातं.

डंखावरचा एक रिवाज आहे. मसाला जिचा, ती बाई तो कुटून होईपर्यंत समोर स्टुलावर बसून राहते. नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गाळत, पण उठत नाही. वरल्या आळीतली असो, बौद्धवाड्यातली असो की पाड्यावरची, प्रत्येकीचा मसाला वेगळा, आणि बाकीच्या भुसा खातात अशी प्रत्येकीची खात्री. कुणाच्या मसाल्यात काय आणि किती, हे तिला, मानत असली तर देवाला, आणि डंखवालीला माहीत. म्हणून आमच्या घरात बायको कमी बोलते. मी समजत होतो, माझ्याशी लग्न केल्यामुळे.

आता तो अर्धा लेख. त्यात लिहिलं होतं की तैवान म्हणजे समुद्रातलं एक एवढंसं बेट. तेल नाही, सोनं नाही. लोक भात लावायचे, छत्र्या शिवायचे. आणि आज सगळ्या जगाचे मोबाईल, गाड्या, यंत्रं ज्या चिपवर चालतात, ती चिप तिथून येते. एवढं वाचलं आणि लेख संपला. पण माझं डोकं चालू झालं. भात आमच्याकडेही आहे. तेल आमच्याकडेही नाही. म्हणजे निम्मी तयारी झालेलीच. राहिलं काय, तर स्वतःचा माल आणि स्वतःचं नाव.

मी बायकोला म्हटलं, "आपण जन्मभर लोकांचंच कुटत बसणार का? आपला स्वतःचा मसाला काढू. पाकीट. ढाब्यांवर, दुकानांत."

ती म्हणाली, "आपला म्हंजी कोणाचा?"

हा प्रश्न मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

सात वर्षं डंखाच्या कोपऱ्यात बसून मी फुकट बसलो नव्हतो. हिचं त्रिफळ, तिची जायपत्री, पलीकडच्या वाडीतल्या मास्तरणीची बेडगी आणि लवंगी मिरचीची जोडी, सगळं डोळ्यांखालून गेलेलं. प्रत्येकीची सगळ्यात चांगली गोष्ट मी उचलली. वरल्या आळीत एक म्हातारी आहे, तिला अख्खा गाव आत्या म्हणतो. तिच्या मसाल्यात एक पदार्थ असतो जो मसाल्यात असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. लग्नाच्या जेवणाला तिच्या मसाल्याची मागणी असते ती त्याच्यामुळे. तोही घेतला. बायको चार दिवस माहेरी गेली होती, तेवढ्यात मी मशीन चालवून दोन पोती मसाला पाडला. पाकिटावर माझा फोटो टाकला, हनुवटीखाली हात ठेवलेला. ज्या माणसाला चहा करता येत नाही त्यानं मसाल्याच्या पाकिटावर विचार करत बसावं, यात मला तेव्हा काही खटकलं नाही.

पुढची चूक मात्र कायदेशीर होती. छापखानेवाला म्हणाला, "काका, पाकिटावर घटक छापावे लागतात." मी कायदा पाळणारा माणूस. सगळे घटक छापले. आत्याच्या त्या पदार्थासकट.

आत्याला वाचता येत नाही. तिच्या धाकट्या सुनेला येतं. तिनं दुकानातून पाकीट आणलं आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. जी गोष्ट आत्यानं तिन्ही सुनांना दिली नव्हती, मरताना सांगीन म्हणून त्यांना धाकात ठेवलं होतं, ती अडीचशे ग्रॅमच्या पाकिटावर तेलकट शाईत छापलेली. तो पदार्थ मी इथं लिहीत नाही. एकदा लिहून पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवसापासून डंखावर कुणी आलं नाही.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, थ्री फेज नाही म्हणून नसतील आल्या. दुसऱ्या दिवशी वीज दिवसभर होती. तिसऱ्या दिवशी समोरच्या रस्त्यावरून सहा आसनी रिक्षा गेली. त्यात आमच्याच गावच्या पाच बायका मांडीवर डबे घेऊन मुरबाडच्या डंखाकडे चालल्या होत्या, आणि एकीनंही इकडं मान वळवली नाही. बायको मशीनपाशी ब्रश घेऊन उभी होती. स्वच्छ असलेलं उखळ तिनं पुन्हा स्वच्छ केलं. मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. बाई एकदा दुसऱ्या डंखावर गेली, तिथं तिचा मसाला मनासारखा निघाला, की पुढच्या वर्षी आपसूक तिकडंच जाते. अठरा वर्षांत तिनं जमवलेलं मी एका पाकिटात बंद केलं होतं, आणि वर चिकटपट्टी लावली होती.

त्याच आठवड्यात माझी भाची आली. आसनगावच्या बहिणीची पोरगी. पॉलिटेक्निक करून कुठून कुठून परीक्षा देत ती तैवानला चिपच्या कारखान्यात लागली आहे, आणि चुलत भावाच्या हळदीसाठी सुट्टीवर आली होती. मामीला भेटायला आली आणि फणसाचे गरे खात बसली. मी म्हटलं, चला, एक तरी माणूस आपली बाजू समजून घेईल. तिला सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "तुमच्या तैवानमुळेच मला सुचलं हे. एवढासा देश, पण स्वतःचा माल काढला, स्वतःचं नाव केलं."

तिनं आठळी बाजूला ठेवली. "मामा, तुमच्या मोबाईलवर नाव कोणाचं आहे?"

मी बघितलं. "कंपनीचं."

"आमच्या कारखान्याचं कुठं दिसतंय?"

मी उलटसुलट करून पाहिलं. पाठीमागचं कव्हरसुद्धा काढलं.

"नाय दिसणार," ती म्हणाली. "आमी दुसऱ्यांचं बनवून देतो. ड्रॉइंग त्यांचं, नाव त्यांचं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या, पण सगळ्यांची ड्रॉइंगं आमच्याकडं, एका छपराखाली. का देतात माहितीये? आमचा मालक स्वतःचा मोबाईल काढत नाय. ज्या दिवशी काढंल, त्या दिवशी सगळे आपापली ड्रॉइंगं उचलून जातील."

आतून, चुलीकडून बायकोचा आवाज आला. "म्हंजी डंख."

"डंखच गो मामी," भाची म्हणाली. "फक्त शिंका येत नायत."

मग उरलेला अर्धा लेख मला फुकट ऐकायला मिळाला. भाचीला तिथं नव्या पोरांच्या शिकवणीत हे सगळं सांगतात म्हणे. सुरुवातीला तिथल्या सरकारनं काही तरुण इंजिनिअर परदेशात धाडले. शिकायला मिळालं ते तिथलं जुनं, उतरतं तंत्र. ती पोरं तक्रार न करता तेवढंच पक्कं शिकून आली आणि घड्याळात घालायच्या साध्या चिपा करायला लागली. सरकारनंच संशोधनाची संस्था काढली, तिच्यातून कारखाने फुटले. मग परदेशात आयुष्य काढलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका माणसाला बोलावून घेतलं. त्यानं हिशेब मांडला की आपल्याला नवं आखता येत नाही, जगात जाऊन विकता येत नाही, पण बनवता चांगलं येतं. तर मग फक्त बनवू. बाकीच्याला हात लावायचा नाही.

पन्नाशी मीही ओलांडली आहे. मला काय येत नाही याची यादी त्याच्यापेक्षा लांब आहे, फक्त ती करायचं मला कधी सुचलं नव्हतं.

भाची सांगत होती: आत जाताना अंगभर पांढरा झगा, डोळे तेवढे उघडे, फोन बाहेर. धुळीचा कण पडला तर माल फुकट. शेजारच्या मशीनवर कोणाचं काय चाललंय, विचारायचं नाही, सांगायचं नाही. बायको दारात येऊन ऐकत होती. एकीचा मसाला संपून दुसरीचा सुरू व्हायच्या आधी ती उखळ पुसते, आणि नव्या बाईचे मूठभर धणे कुटून फेकून देते, म्हणजे आधीच्या मसाल्याचा वाससुद्धा राहू नये. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा, आणि तसं मी बोलूनही दाखवलेलं होतं.

"पाणी मात्र लय लागतं," भाची म्हणाली. "मागं दुष्काळ पडला तर सरकारनं सांगितलं, यंदा भात लावू नका, पाणी कारखान्याला."

"आपल्या धरणांसारखंच," बायको म्हणाली. "दिसायला आपलं, प्यायला मुंबईचं." मग माझ्याकडं वळून, त्या आठवड्यातलं पहिलं लांब वाक्य: "उद्या सगळी पाकिटं परत आणायची. ढाब्यांवरची, दुकानातली, एकूण एक. आनी मग आत्याकडं जायचं. मी येनार नाय."

पाकिटं परत मिळायला त्रास पडला नाही. फारशी कुणी घेतलीच नव्हती. एका ढाबेवाल्यानं कारण सांगितलं: "काका, वाईट नाय. पण कशाचीच चव लागत नाय." दहा सुगरणींची करामत मी एकत्र केली होती, आणि रस्सा लागत होता सरकारी वसतिगृहासारखा.

आत्या अंगणात ताडपत्रीवर मिरच्या उलथवत होती. मी तीन हात लांब उभा राहिलो.

"आत्या, चुकलो."

"ते ठाव हाय मला."

"पाकिटं सगळी परत आणली."

"छापलेलं परत येतंय होय रे?" तिनं एक मिरची उचलून देठ मोडला. "तुझा राग नाय मला. तू पहिल्यापासून तसाच. माझ्या मसाल्यातलं तुझी बायको बोलली का तुला, त्येवढं सांग."

"नाही हो. मी कोपऱ्यात बसून बघत होतो."

"बरं," आत्या म्हणाली, आणि पुन्हा मिरच्यांत हात घातला. त्या 'बरं'चा अर्थ काय घ्यायचा, ते कळेना. घरी येऊन बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती रात्रभर कुशी बदलत राहिली.

सकाळी दहाला आत्या डंखावर आली. डोक्यावर डबा, मागं धाकटी सून दुसरा डबा घेऊन. रस्त्यापलीकडं आंब्याखाली आणखी पाच-सहा जणी डबे घेऊन उभ्या राहिल्या. आत मात्र आली नाही एकही. आत्यानं डबा खाली ठेवला, झाकण काढलं नाही. स्टुलावर बसली आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गो, माझी विहीन मसाल्यात काय घालते? तिचा रंग बरा येतो म्हनतात."

ती विहीण अठरा वर्षं आमच्याच डंखावर कुटून नेते.

"मिरची," बायको म्हणाली.

"आनी?"

"मीठ."

"आनी काय?"

"आत्या, मसाला त्यांचा हाय. त्यांनाच इचारा."

"मी कोणाला सांगनार हाय का गो? इतक्या वर्षांची वळख आपली."

"म्हनूनच नाय सांगत."

आत्यानं मान माझ्याकडं वळवली. "तू सांग रे."

मला माहीत होतं. दगडफूल किती, नागकेशर किती, रंगाची मिरची कुठून येते, सगळं जिभेच्या टोकावर होतं. माणसाला काही येत असलं आणि विचारणारं कुणी भेटलं, की गप्प राहणं किती अवघड असतं, ते मला त्या मिनिटभरात कळलं. बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती उखळाकडं बघत होती, ब्रश घट्ट धरून.

"मला मसाल्यातलं काही कळत नाही, आत्या," मी म्हणालो. "पाकीट खाल्लंत ना माझं."

आत्याच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. आत्या हसली नाही. तिनं डब्याचं झाकण काढलं, मूठभर धणे बायकोच्या हातावर ठेवले आणि पदर नाकावर ओढला. बायकोनं उखळ पुसलं, धणे टाकले, बटण दाबलं. मुसळांच्या आवाजात काहीच ऐकू येईना, म्हणून आत्यानं मला हातानंच खूण केली, की तू भायेर जा.

मी बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या बायका डबे उचलून रस्ता ओलांडत होत्या.