दिगंबररावांचं वाया गेलेलं रीळ

दिगंबरराव चित्रीकरणाला निघताना आधी कॅमेरा टॉवेलात गुंडाळत आणि मगच स्वतः शेरवानी चढवत. घराण्यात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. निजामाचं संस्थान होतं तेव्हा त्यांनी दरबारी मिरवणुका टिपल्या. ते भारतात विलीन झालं, तेव्हा त्याच कॅमेऱ्याने झेंडावंदनं टिपली. माहिती खात्यात मी निवेदनं लिहीत असे. ते मला म्हणत, "कॅमेऱ्याला डोळा आहे, तोंड नाही. म्हणून त्याची नोकरी टिकते, कुलकर्णी. तुमचं कठीण आहे."

विलीनीकरणानंतर खात्याला एक माहितीपट हवा होता: हैदराबादेत अफझलगंजमागच्या झोपडपट्टीतली गुंडगिरी कशी संपली. ती संपली नव्हती, पण उद्घाटनाची तारीख ठरली होती.

तिथल्या मोठ्या टोळीचा म्होरक्या, पैलवान, आता शांतता समितीचा अध्यक्ष होता. चाकू फेकून देण्याचा प्रसंग त्याने हौसेने तीनदा केला. दर वेळी चाकू उचलून, पुसून कमरेला खोचायचा आणि विचारायचा, "साब, एक बार और? इस बाजू से अच्छा दिखतूँ मैं."

"नक्को पैलवान, फिल्लम कम है," दिगंबरराव म्हणायचे.

दुपारी पैलवान आमच्या साहेबांना जेवायला घेऊन बसला, तेव्हा यादम्मा नावाची बाई कॅमेऱ्यासमोर आली. तिच्या हमाल नवऱ्याला भोसकून मारलं होतं. ती तेलुगूत बोलत राहिली. आमच्या कॅमेऱ्यात आवाज येत नसे. पण बोलता बोलता तिने हात उचलून सरळ पैलवानाच्या दाराकडे बोट दाखवलं. दिगंबररावांनी कॅमेरा थांबवला नाही.

"दिल्लीवाले देखते ना?" तिने विचारलं.

"देखते, अम्मा."

संध्याकाळी कचेरीत साहेब खूश होते. "पहिला खेळ पैलवानाच्या अंगणातच करू!"

"साहेब, त्या बाईचा भाग गाळू या," दिगंबरराव म्हणाले.

"अहो, मी लांबून पाहिलं ना! गरीब बाई हात उंचावून सरकारला दुवा देतेय. कुलकर्णी, तसं लिहून टाका."

मी टाक उचलला. लाज वाटली, पण लिहिलं.

वीतभर फिल्म वाया गेली तर ज्यांना जेवण जात नसे, त्या दिगंबररावांनी दुसऱ्या दिवशी यादम्माचं ते अजून न धुतलेलं रीळ मागच्या अंगणात नेलं आणि भर उन्हात हात-हात उलगडलं. साहेबांना सांगितलं, "डबा ढिला होता, उजेड शिरला."

त्यांची बदली जिल्ह्याला झाली, सुधारित कोंबड्यांचं चित्रीकरण करायला. चाकू फेकणाऱ्या पैलवानाला मात्र अंगणातल्या खेळात टाळ्या मिळाल्या.

जाण्याआधी ते मला घेऊन यादम्माकडे गेले. "अम्मा, रीळ खराब झालं. चूक माझी," एवढंच बोलले. तिने त्यांना तेलुगूत अशा शिव्या दिल्या, की शेजारणी बाहेर आल्या. शेरवानीतले दिगंबरराव मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते.

परतताना मी चिडून म्हणालो, "खरं कारण का नाही सांगितलंत?"

"शेजारणी ऐकत होत्या, कुलकर्णी. तिने बोट कुणाच्या दाराकडे दाखवलं, ते संध्याकाळपर्यंत पैलवानाला कळलं असतं," ते म्हणाले आणि टांगा थांबवायला पुढे झाले.