शेवटच्या माणसाची तीन मॅगझिनं

"तुमच्याच सहीचा रिपोर्ट आहे. आता रहमान पुन्हा नापास झाला की त्याला आर्म्ड ड्यूटीवरून काढायला मला काही अडचण नाही," मिस्टर लिम म्हणाले आणि रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. रिपोर्टचा असा उपयोग होणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होतो. लिफ्टच्या स्प्रिंगा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तपासायच्या, आकडे लिहायचे, सही ठोकायची. मिस्टर लिम हे यिशुनच्या एका सिक्युरिटी कंपनीच्या शस्त्रागाराचे इन-चार्ज. सिंगापुरात साध्या माणसाला पिस्तूल मिळत नाही. आर्म्ड गार्डला मिळतं, तेही शिफ्टपुरतं. शिफ्ट संपली की परत जमा.

त्यांचा एक जुना गार्ड रहमान दोनदा फायरिंग टेस्ट नापास झाला होता. दोन्ही वेळा गोळी मध्येच अडकली, आणि गोळी अडकली की टेस्ट नापास. तिसऱ्यांदा नापास झाला असता तर पिस्तूल काढून त्याला कुठल्यातरी कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, गेटवर बसवणार होते. अठरा वर्षं नोकरी झालेली आणि रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. लिमचं म्हणणं, वय झालं, पकड ढिली झाली. रहमान म्हणत होता, मॅगझिन खराब आहे. म्हणून वीस मॅगझिनं तपासायला आमच्याकडे आली. मी तपासली. सगळी उत्तम निघाली.

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची पत्र्याची चपटी डबी. आत गोळ्या एकावर एक बसतात आणि तळाची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. डबीच्या तोंडाशी दोन कडा आत वळलेल्या असतात, त्या वरची गोळी धरून ठेवतात. स्प्रिंग मेली किंवा कड वाकली की गोळी वेळेवर वर येत नाही, नाहीतर तिरकी येते. मग हजारो डॉलरचं पिस्तूल हातात असून नसल्यासारखं.

त्या दिवशी पेटी न्यायला लिमबरोबर रहमानच आला होता. लिम काउंटरवर सह्या करत होते. रहमानने पेटीचं झाकण उघडलं, एक मॅगझिन उचलून बोटाने चाचपलं, परत ठेवलं.

"सर, ही माझ्या हातात कधीच आली नाहीत," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"फार चांगली आहेत."

एवढंच बोलून तो पेटी घेऊन निघून गेला. मी क्लेमेंटीला घरी पोचेपर्यंत तेच घोळवत होतो. नमुने कुणी काढले, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ती गोष्ट! लाज वाटली, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी बॉसला सांगितलं. मिसेस गो त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या, "रिपोर्ट गेला, विषय संपला लाह. क्लायंटने दिलं ते आपण तपासलं."

"मॅडम, त्या रिपोर्टवर एका माणसाची पोस्ट जाणार आहे."

त्यांनी रजेचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "दुपारची सुट्टी टाक. स्वतःच्या जबाबदारीवर जा. लॅबचं नाव नको."

दुपारी पावणेदोनला यिशुनला पोचलो. दोनची शिफ्ट लागत होती. लिमना म्हटलं, वापर कसा होतो ते बघायचंय. ते कुरकुरले, पण बघू दिलं. खिडकीत एक ट्रे, त्यात बरोबर लागतील तेवढी मॅगझिनं, प्रत्येकाला तीन. कशावरही नंबर नाही. गार्ड रांगेने यायचे, एखादं उचलायचे, डबीच्या तोंडाशी बोट फिरवायचे आणि काही परत टाकून दुसरं घ्यायचे. काही मॅगझिनं खराब आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण तक्रार केली की फॉर्म, फॉर्म भरला की चौकशी. त्यामुळे सगळे मिठाची गुळणी धरून होते.

रहमान सगळ्यांत शेवटी आला. दुपारची नमाज पढून तो सरळ इकडे यायचा. ट्रेमध्ये तीनच उरली होती. त्याने ती घेतली. टेस्टलाही ड्यूटीचीच मॅगझिनं लागायची.

"हीच तीन मला हवीत," मी लिमना म्हणालो.

उघडून बघितली तर दोनांच्या स्प्रिंगा मेलेल्या होत्या, तिसऱ्याची कड वाकलेली. सिमेंटच्या फरशीवर पडून वाकते तशी. सरावाला आणि ड्यूटीला एकच ट्रे, मग दुसरं काय होणार! शिवाय लिमचा एक नियम होता: शिफ्ट संपली की मॅगझिन रिकामं करायचं, स्प्रिंगला आराम मिळतो म्हणून. स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती दाबून-सोडून थकते. तीन शिफ्ट म्हणजे रोज तीनदा भरणं, तीनदा उपसणं. वर गंज नको म्हणून आतून तेल. त्या तेलात खिशातली लव आणि धूळ चिकटून बसलेली. आमच्याकडे पाठवलेली वीसही त्यांनी न वापरलेल्यांतून निवडली होती, लॅबला खराब माल कसा पाठवायचा म्हणून. माणूस वाईट नव्हता हो, जरा जास्तच काळजी घेत होता.

मी पहिला रिपोर्ट लेखी मागे घेतला. नवीन रिपोर्टमध्ये लिहिलं: सरावाची आणि ड्यूटीची मॅगझिनं वेगळी ठेवा, प्रत्येकावर नंबर घाला, गोळी अडकली की त्या नंबरापुढे नोंद करा, आतून कोरडं पुसा, कड वाकलेलं सरळ फेकून द्या. मिसेस गोंनी वाचलं आणि लॅबचा शिक्का मारला.

रहमान तिसऱ्यांदा टेस्टला बसला आणि पास झाला. एकही गोळी अडकली नाही. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा पीत असताना विचारलं, "ती तीन खराब आहेत हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग रांगेत लवकर का नाही आलात? नमाज तर दहा मिनिटांची."

त्याने चहा ढवळला. "सर, मी लवकर आलो तर ती तीन नव्या पोरांकडे जातात. अडकलेली गोळी मला दोन सेकंदांत काढता येते. त्यांना अजून येत नाही."

कागदावर त्याची पकड ढिली होती आणि माझी सही पक्की होती.

तेव्हापासून कानाला खडा लावला. कुणी हातात दिलेला नमुना मी तपासत नाही. ट्रेपाशी जातो आणि सगळे घेऊन झाल्यावर काय उरतं, ते उचलतो.