मामांचं नाव केवढ्या अक्षरात

वसमतच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर बसू लागले, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं शिक्षण सातवी. माहेर तिकडं कोल्हापूरजवळ; नवऱ्याच्या साखर कारखान्यातल्या नोकरीपायी इथं आलेली. छापखान्याच्या मालकीणबाईंनी मला टायपिंग शिकवलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण सातवीचं त्यांना कळलं तर काढून टाकतील, या धास्तीनं मी गिऱ्हाईकापुढं तोंड उघडत नसे.

कागदाचे नियम बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. डोळा आधी मोठ्या अक्षराकडं जातो. भोवती कोरी जागा सोडली की बारीक अक्षरही दिसतं. पिवळ्यावर पांढरं लिहू नये. गिऱ्हाईकांचे नियम वेगळे. कोरी जागा म्हणजे फुकट गेलेला कागद, आणि माणसाचा मान त्याच्या नावाच्या अक्षराएवढा.

एकदा डोंगरकड्याचे एक मेंढरंवाले गृहस्थ लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. सोबत त्यांचा मेहुणा, म्हणजे नवरीचा मामा. वसमतचाच हळदीचा व्यापारी, छापखान्याचं बडं गिऱ्हाईक.

"लोकं बराबर मांडवात पोचली पायजेत, ताई," नवरीचे वडील म्हणाले. "नवरदेवाकडची मंडळी लांबून येऊन राहिली. त्यांनी आमचं गाव पाह्यलेलं न्हाई."

"माझं नाव वर घ्या," मामा म्हणाले. "खाली दुकान, मोंढा, वसमत. ठळक."

मी घेतलं.

"अजून मोठं!"

"आणि यांचं?" मी वडिलांकडं बघितलं.

"दाजीला समदे वळखतात. त्यांचं बारीक चालतं."

मग चुलत्यांची फौज आली, चिमुकल्यांचं बोबडं आमंत्रण आलं. चार कोपऱ्यांत चार गणपती बसले. अक्षरांचे सहा नमुने घेतले, कारण कॉम्प्युटरमध्ये तेवढे होते. विवाहस्थळ तेवढं राहिलं. ते तळाच्या वेलबुट्टीत कोंबलं, पिवळ्यावर पांढरं, मुंगीनं वाचावं एवढं. ते कुणाला दिसणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"छान झालीय," मी म्हणाले.

मामांची जाहिरात मात्र लागू पडली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या आजोळचा टेम्पो थेट वसमतच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, मामांच्या दुकानापुढं जाऊन थांबला. दुकानाला कुलूप. मामा तिकडं डोंगरकड्यात फेटा बांधून पाहुण्यांची वाट बघत होते. टेम्पो तिथं पोचला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचा मान ज्याचा, तो त्याचा सख्खा मामा टेम्पोतच होता.

चौथ्या दिवशी नवरीचे वडील आले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पत्रिका माझ्यापुढं ठेवली.

"व्याही अजून बोलत न्हाईत. तुमाला हे दिसलं न्हाई का, ताई?"

"दिसलं होतं. बोलले नाही. मी सातवी शिकलेली. वाटलं, आपण कोण सांगणार?"

मागं मालकीणबाई ऐकत होत्या.

"मंग तर तुमीच सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "वाचणारे तरी कोण व्हते? आमीच ना, दुसरी-चौथीवाले."

ते गेल्यावर बाईंनी मला काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्याला सांगशील."

पुढच्या गिऱ्हाईकाला चार मामा होते. तरी मी सांगितलं, आधी लग्नाचं ठिकाण मोठं, मग मामा.