नसीर मिस्त्रीची मोटार

नसीर मिस्त्रीनं मोठ्या माणसाचा मान राखला, ही त्याची चूक. दुसरी चूक मला तरी सापडलेली नाही.

पौडाच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान होतं. सायकली, पाण्याची इंजिनं, एखादी वाट चुकलेली जीप, जे येईल ते दुरुस्त करायचा. त्याची बायको शमशाद विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड कायमचं दुखावलं. माहेर कोळवणला, म्हणजे काही विलायतेत नव्हे. पण रस्ता खडीचा, आणि बैलगाडीच्या हिसक्यांनी ती अर्ध्या वाटेतच रडकुंडीला यायची. डोलीत बसायला तयार नव्हती. डोलीतून आलेली लेक बघून अंथरुणाला खिळलेली आई जायची ती आधीच जाईल, म्हणायची.

हैबतराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, त्यांच्या गोठ्यात एक जुनी बेबी मोटार पडून होती. इंजीन केव्हाच भंगारात गेलेलं, आत कोंबड्या अंडी घालायच्या. नसीरनं विचारलं तेव्हा हैबतराव म्हणाले, "ने की. गोठा तरी मोकळा हुईल."

नसीरनं पुण्याच्या जुन्या बाजारातून लढाईत वापरलेल्या फटफटीचं इंजीन आणलं. मोटार हलकी, तेवढी ताकद तिला पुरेशी होती. इंजीन बसवून साखळीनं मागच्या चाकांना जोडलं. फटफटीचं इंजीन वाऱ्यावर थंड होतं, ते झाकणाखाली कोंडलं की तापून जाम होणार. म्हणून त्यानं पुढच्या झाकणाला मोठी भोकं पाडली आणि वारा आत घ्यायला पत्र्याचं नाकाड लावलं. दिसायला ध्यान होतं. मागं जायची सोयच नव्हती, उतरून ढकलावं लागे. पण शमशादला बसवून बाजारातून एक चक्कर मारली तेव्हा ती हसली, आणि ते हसू मी पाहिलंय. दसरा झाला की कोळवण, असं ठरलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की दसऱ्याला गाडीपुढं नारळ फुटल्याशिवाय ती लांबच्या वाटेला लागत नाही, आणि नारळ फोडतो तो मालक. नसीरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण जुना मालक, वयानं मोठा, त्याचा हात लागावा म्हणून त्यानं नारळ हैबतरावांच्या हाती दिला. हैबतरावांनी तो फोडला, झेंडूची माळ सारखी केली आणि मोटारीत बसले ते बसलेच.

"चांगली केलीस रं माझी मोटार," ते म्हणाले.

नसीरला वाटलं, थट्टा करतायत. संध्याकाळी मोटार त्यांच्या दारात उभी होती. गावातल्या शहाण्यांनी निवाडा दिला, की नारळ ज्यानं फोडला त्याची गाडी. गोठ्यात काय बोलणं झालं ते सगळ्यांना माहीत होतं, तरी एकाचंही तोंड उघडलं नाही. लाज नावाची वस्तू त्या दिवशी पौडात मिळत नव्हती.

नसीर निदान एका फेरीसाठी मोटार मागत राहिला. "बघू सवडीनं," हे उत्तर. हैबतरावांना सवड होती ती मिरवायला. लोक नाकाडाला हसतात म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि भोकांवर चकचकीत पत्रा ठोकून घेतला. नसीरनं बजावलं, "आबा, इंजीन मरंल." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग कोळवणहून निरोप आला, म्हातारीचं काही खरं नाही. नसीर धावत गेला. हैबतराव मोटार घेऊन माले गावी पानसुपारीला गेले होते. तो सायकलनं मागं निघाला, आणि चढावर त्याला मोटार उभी दिसली. झाकण हात लावू देत नव्हतं. आत इंजीन जाम.

"तुझं कामच कच्चं," हैबतराव त्याला म्हणाले.

शमशाद शेवटी डोलीतच गेली. पोचली तेव्हा माती देऊन माणसं परतत होती.

पुढच्या आठवड्यात हैबतराव चार माणसं घेऊन समाचाराला आले. मीही तिथं बसलो होतो. ते म्हणाले, "नसीर, एक शब्द टाकला असतास तर मोटार दिली नसती का मी?" आणि चारही माणसांनी माना डोलावल्या.

त्यांच्यासमोर कधी न आलेली शमशाद दाराची चौकट धरून उभी राहिली.

"मागितली व्हती," ती म्हणाली. "आमचीच मोटार, हात जोडून मागितली व्हती."

हैबतराव उठले. बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, बाईमाणसानं मोठ्या माणसाला असं बोलू नये. त्याला मी जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.