वरच्या मजल्याच्या सळ्या

२२ जून, शनिवार. बूट धुवायचे आहेत. दोन जोड, नवऱ्याचे आणि माझे. दोन्हींच्या तळव्यांत जर्मनीतला चिखल वाळून दगड झाला आहे. दोह्याजवळच्या मुऐदरमधल्या या घरात उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं, त्यामुळे चिखल निदान लवकर सुटतो. जुना टूथब्रश आणि भाजी चिरायची बोथट सुरी घेऊन मी बाथरूममध्ये बसले आहे.

"राहू दे गं तो चिखल," नवरा बाहेरून म्हणाला. "किल्ल्याची माती आहे."

"पाइप तुंबला की किल्ल्यावरूनच प्लंबर मागवा."

तो हसला नाही. ईदच्या सुट्टीत आम्ही लेकीकडे जाऊन आलो. परवा परतलो, तेव्हापासून तो कशावरच हसलेला नाही.

लेक जर्मनीत शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. नवरा इथे बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहे. माझं ऑफिस मुशैरिबला. डिसेंबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि पुढचं मिळणार नाही, हे त्याला एका ईमेलने कळलं. खलास. म्हणजे आता साताऱ्याला जायचं. तिथे गावाबाहेर आमचं घर उभं राहतंय. प्लॅन त्याचाच. तळमजल्याचा स्लॅब टाकून झाला आहे आणि स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या तशाच उभ्या सोडल्या आहेत, कारण वरचा मजला लेकीचा. कॉन्ट्रॅक्टर केव्हाचा विचारतोय, वर चढवायचं की इथेच थांबायचं? नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "ईदनंतर सांगतो. पोरीला समोर बसवून विचारतो. ही फोनवर विचारायची गोष्ट नाही."

कुठे समोर बसवायचं, तेही त्याने ठरवलं होतं. किल्ल्यावर.

किल्ल्यांचं वेड त्याचं जुनं. कॉलेजात असताना तो दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायचा. लेक लहान असताना तिला शाळेत सोडायला जाताना गाडीत रोज एक गड व्हायचा. दोराने कडा कसा चढले, दरवाजा आतून कोणी उघडला, चोरवाट कुठे निघते, सगळं. बाहेर रस्ता सपाट, दोन्हीकडे व्हिला आणि सिमेंटच्या भिंती. एका शुक्रवारी त्याने हट्टाने आम्हाला कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या बाजूचा वाळवंटातला जुना किल्ला दाखवायला नेलं. गाडी थेट दरवाजापाशी लागली. पोरगी खाली उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, पण चढायचं कुठे?"

"चढायचे किल्ले आपल्याकडे. सुट्टीत जाऊ."

सुट्टीत कधीच गेलो नाही. रजेचं वेळापत्रक मी करायची, आणि ते आजही मी तसंच करीन. इथल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टला. त्या वेळी साताऱ्याला पाऊस आणि किल्ल्याच्या वाटा शेवाळलेल्या. त्यात सासूबाईंचे डोळे, तिघांचे दात, वर्षभराचे ब्लाउज, बँक, दोन्हीकडची नातेवाईक मंडळी, आणि ज्यांच्याकडे गेलो नाही त्यांचे रुसवे. साताऱ्याचा किल्ला सासूबाईंच्या घराच्या मागच्या खिडकीतून दिसायचा. धुक्यातून दिसला तर.

जर्मनीत लेकीला तिचे किल्ले मिळाले. दर शनिवारी कुठली तरी टेकडी आणि टेकडीवर पडका किल्ला, असे तिचे फोटो यायचे. या खेपेला आम्हाला घेऊन जायचं म्हणून तिने आमच्या मापाचे बूट आधीच आणून ठेवले होते. नवऱ्याने ते हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. "आम्ही कॅनव्हासच्या बुटात चढायचो," म्हणाला, पण खूश होता.

वाट सोपी होती. झाडांच्या खोडांवर पिवळे पट्टे रंगवलेले, वळणावळणावर पाटी, थोड्या थोड्या अंतरावर बाक. रात्री पाऊस होऊन गेल्यामुळे चिखल होता, तेवढाच. नवरा पुढे, लेक मध्ये, मी मागे. माझे गुडघे कुरकुरत होते, पण विचारलं कोणी नाही आणि सांगितलं मी नाही. वर पोचल्यावर अर्धा बुरूज, एक कमान आणि छप्पर नसलेल्या भिंती. जवळच कचऱ्याचा डबा, त्याला झाकण. खाली नदी. नवऱ्याने कमानीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, मग भिंतीच्या कडेला जाऊन, छाती भरून, सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "हर हर..."

आणि थांबला.

पुढचा शब्द बरोबरच्यांनी म्हणायचा असतो. गडाच्या माथ्यावर पोचलं की एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पूर्ण करायचं, ही रीत. त्याच्या कॉलेजातली पंचवीस-तीस मुलं एकदम 'महादेव' म्हणत असतील. इथे लेक मान खाली घालून पाण्याची बाटली उघडत होती. मला दम लागला होता.

बुरुजापाशी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. हातात चालायच्या काठ्या. बाई घाईघाईने उठून लेकीकडे आल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारू लागल्या. म्हाताऱ्याने तोवर खिशातून फोन काढलाच होता. लेक लालबुंद होऊन दोन्ही हात हलवत सांगत होती, नाही, नाही.

"काय म्हणतायत?" नवऱ्याने विचारलं.

"दे थॉट यू वॉन्टेड हेल्प, बाबा. डोंगरात कोणी असं ओरडलं की लोक रेस्क्यूला कॉल करतात."

"सांग त्यांना, आनंदाने ओरडलो."

"सांगितलं."

म्हातारा हसून मान डोलवून पुन्हा बसला. नवऱ्यानेही हात हलवला. मग कमानीशेजारची पत्र्याची पाटी दाखवत त्याने विषय बदलला, "यावर काय लिहिलंय? कोणी बांधला?"

"ते नाही लिहिलंय. एंटर ॲट युअर ओन रिस्क. पॅरेंट्स आर लायेबल फॉर देअर चिल्ड्रन."

मुलांनी काही केलं तर जबाबदारी आईबापाची. "उलटंही लिहायला हवं खाली," मी म्हटलं. लेक खळखळून हसली. त्या दिवसातलं तेवढंच.

भिंतीवर बसून जेवलो. तिने ब्रेड, चीज, उकडलेली अंडी आणली होती. मी दोह्याहून धपाटे नेले होते. तिने दोन खाल्ले. नवऱ्याने किल्ल्याचे दगड निरखून झाल्यावर विचारलं, "बाकीचा किल्ला गेला कुठे?"

"गावातल्या लोकांनी नेले ना स्टोन्स. घरं बांधायला. डुकरांच्या शेडलासुद्धा."

"आणि कोणाला काही वाटत नाही?"

"व्हाय? इट्स जस्ट अ रुइन, बाबा. लोक येतात, चालतात, केक खातात, घरी जातात."

हे काही त्याला पटलं नाही. पण त्याला भांडायचं नव्हतं, विचारायचं होतं. त्याने हात पुसून फोन काढला आणि तिच्या मांडीवर घराचा प्लॅन उघडला. "हा बघ जिना, बाहेरून. म्हणजे तुला आमच्यातून जायला नको. ही खोली, हे तुझं ऑफिस, तुमच्यात हल्ली घरून काम करतात ना. आणि ही मोठी खिडकी बरोबर किल्ल्यासमोर."

तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं. तिला खरंच आवडलं असावं. खिडकीवर ती थोडी थांबली.

"नाइस आहे, बाबा. पण वर राहणार कोण?"

"कोण म्हणजे? तू."

तिने फोन त्याच्या हातात परत दिला. "मी इथल्या सिटिझनशिपला अप्लाय केलंय. तुम्ही आल्यावर सांगणार होते. आय ॲम नॉट कमिंग बॅक."

नवऱ्याने प्लॅन बंद करून फोन खिशात ठेवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, पासपोर्ट कुठलाही असू दे. सुट्टीला तर येशीलच की."

"सुट्टीला? लाइक वुई डिड?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी गप्प केलं असतं.

"यू टोल्ड मी एव्हरी सिंगल फोर्ट, बाबा. मला सगळे पाठ आहेत. तुम्ही मला एकावर पण नेलं नाही. इथे आले आणि पहिल्यांदा कळलं, किल्ल्यावर चढतात म्हणजे काय करतात."

मी धपाट्यांचा डबा बंद केला. "उतरू या," म्हटलं, "माझे गुडघे आखडलेत." हे खोटं नव्हतं.

उतरताना ती पुढे होती. चिखलात नवऱ्याचा पाय सरकला तेव्हा तिने मागे वळून हात दिला आणि पुढचा अवघड टप्पा संपेपर्यंत सोडला नाही. त्यावरून त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. ती जरा पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाला, "बदलेल विचार. वय आहे. इन्शाल्ला." या देशात इतकी वर्षं काढल्यावर इन्शाल्ला कुठल्या आवाजात म्हटलं की काम होणार नाही, हे मला कळतं. त्यालाही कळतं. रोज साइटवर ऐकतो तो.

तर, बूट. त्याच्या डाव्या बुटाच्या खाचेत एक खडा अडकला होता, तो सुरीने काढला आणि कचऱ्यात टाकला. दोन्ही जोड बाल्कनीत उलटे ठेवले. इथल्या उन्हात अर्ध्या तासात कडक होतील. पुन्हा घालायचे कुठे हा प्रश्न आहे, कारण मुऐदरमध्ये सगळ्यात उंच चढण म्हणजे स्पीडब्रेकर.

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. नवऱ्याने स्क्रीनकडे बघितलं आणि तो वाजू दिला.

आज रविवार. सकाळी नवरा दाराशी बसून साइटवरचे बूट चढवत होता, तेव्हा त्याच्यासमोरच मी साताऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला वहिनी," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. मागे मिक्सरची घरघर. "साहेब हायत का?"

"आहेत. ऐकतायत. वरचा मजला करायचा नाही. जिना मात्र करा, वाळवणाला गच्ची लागेल मला. आणि सळ्या कापून टाका."

"सळ्या कशाला कापताय? राहू द्या की. आमच्याकडं समदे ठेवत्यात. पुढंमागं ताईसायबांचं मन झालं तर?"

"गंजतात. आणि कपडे अडकून फाटतात. कापा."

साहेब काही बोलतात का याची तो वाट बघत असावा. मीही बघत होते. नवऱ्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढून गाठ मारली, हेल्मेट उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कापल्यावर टोकांवर सिमेंट लावायला सांग. नाहीतर पाणी आत उतरेल."

मी तसं सांगितलं.