येताना तापणारी गाडी

माझ्या थोरल्या चुलत्यांइतका गाडीवर जीव लावणारा माणूस सबंध निफाड तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतकी चुकीची निदानं करणाराही नसेल. सायखेड्याला काकांचा झेंडूचा मळा आहे आणि ओट्यापुढे माझ्या लग्नाआधीपासूनची पांढरी मोटार. इंजिन तापलंय की नाही हे काट्यावर बघणं त्यांना परकेपणाचं वाटतं. ते खाली उतरतात, लेकराचा ताप बघावा तसा बॉनेटवर उलटा हात ठेवतात आणि म्हणतात, "कणकण हाय." भर मे महिन्यात ते हीटर चालू ठेवतात, का, तर इंजिनाची उष्णता आत ओढली की त्याला आराम पडतो. गोष्ट खरी आहे, पण आराम फक्त इंजिनाला. एकदा चांदवडला उतरल्यावर काकू म्हणाल्या, "ह्यांनी मला भरताच्या वांग्यासारखं भाजलं."

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला पहिला मी. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. काकांना तो माझ्याहून जास्त. "हा बीएस्सी हाय, फिजिक्स. याच्यापुढं नीट बोल," असं ते मेकॅनिकला बजावायचे, आणि मग दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत राहायचे.

दुखणं मोठं चमत्कारिक होतं. सटाण्याला जाताना गाडी थंडगार; येताना देवळा सोडून भावडबारी घाटाचा चढ लागला की काटा लालात. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुऊन घेतला. गॅरेजात कितीही वेळ चालू ठेवा, तापायचं नाव नाही. काकांचं निदान ठरलेलं, "जाताना खुशीत असती. येताना तिचं मन लागत नाय." मन कुणाचं लागत नाही ते आम्हाला कळत होतं. सटाण्याला माझी आत्या राहते, काकांना कडेवर घेऊन वाढवणारी थोरली बहीण. काकांचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. गाडी आहे म्हणून महिन्याला भेट. आणि चुलतभावानं तर सांगूनच टाकलं होतं, "बाबा, आता एकदा जरी घाटात उभी राहिली ना, सरळ भंगारात देणार."

त्यानंतरच्या फेरीला मी बरोबर गेलो. काकांनी नेहमीप्रमाणे झेंडूची पाटी आत्यापुढे ठेवली. आत्यानं दुपारभर बसून मनगटाएवढी जाड माळ ओवली आणि निघताना गाडीच्या तोंडावर वळशावर वळसे घालून स्वतः बांधली. "भाऊ, आता तरी नीट जाय रे! ही गाडी शे का चूल शे?" ती तिकडच्या अहिराणीत म्हणाली; 'शे' म्हणजे 'आहे'.

घाटात काटा चढला. थांबलो. काकांनी उलटा हात ठेवला. मी पुढे जाऊन उभा राहिलो, आणि दिसलं. ज्या जाळीतून रेडिएटरला वारा मिळतो, ती झेंडूनं गच्च बुजलेली. घरी पोचल्या पोचल्या काका ती माळ देवाला घालत. गॅरेजवाल्याला दिसणार कुठून?

"काका, गाडीचं नाकच दाबलंय की आत्यानं!"

माळ काढली, इंजिन निवू दिलं, चढ घेतला. काटा मधोमध. मी शाबासकीची वाट बघत होतो. काका म्हणाले, "आक्काला सांगू नको हां. तिच्या हातानं गाडी आजारी पडायची, हे तिला नाय सोसायचं."

तेव्हापासून रीतच पडली. आत्या माळ बांधते, दारातून हात हलवते. काका वळणाआड जाऊन थांबतात, माळ सोडवतात आणि फुलं चुरगळू नयेत म्हणून शेजारी बसलेल्याच्या गळ्यात घालतात. एकदा चांदवडच्या चहावाल्यानं मला अदबीनं विचारलं, "ग्रामपंचायत का सोसायटी?" काकाच म्हणाले, "बिनविरोध!"

गेल्या खेपेला आत्याचे हात थरथरत होते. सुई फुलात शिरेना. पाटी तशीच भरलेली राहिली. "आज नाही जमत रे, भाऊ," ती म्हणाली. गाडी मोकळ्या तोंडानंच निघाली. वळणाआड थांबायचं काही कारण नव्हतं, तरी काका थांबले. उतरले, बॉनेटवर उलटा हात ठेवून उभे राहिले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"थंड हाय," काका म्हणाले. "पार थंड."