हात आला की सोडायचं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात बोलायचं ते अप्पांनी आणि गिऱ्हाइकानं. आम्ही दोघा भावांनी मुकाट्यानं ताके उलगडायचे. अप्पांचा हात ताक्यावर आला की आपला काढून घ्यायचा. "घ्या" म्हणायचं नाही, विचारायचं तर नाहीच. थोरला अण्णा यात इतका तरबेज, की अप्पा गिऱ्हाइकांसमोर त्याचं कौतुक करायचे आणि मी जळायचो.

दुष्काळाच्या वर्षी अण्णा सैन्यात हेलिकॉप्टर चालवायला शिकू लागला. अप्पा पेठेतून छाती काढून चालायला लागले. पुढच्या वर्षी एका दुपारी तार आली.

पेटी आली ती बंद. उघडायची नाही, असा हुकूम. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. अण्णाला आडवाच पुरावा लागला. अप्पांनी तेही सोसलं. सोसवलं नाही ते नंतर आलेल्या कागदावरचं एक वाक्य : अपघात शिकाऊ वैमानिकाच्या चुकीमुळे झाला.

"कुटं चुकलं त्याचं?" जेवताना, दुकानात, ते मलाच विचारायचे. मला काय ठाऊक? मी वैतागून उठून जायचो.

दोन-तीन महिन्यांनी अण्णाचा सोबती त्याची ट्रंक घेऊन आला. मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो, तेव्हा फलाटावर त्यानं सगळं सांगितलं. हेलिकॉप्टरात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसतात. दोघांपुढे एकेक दांडा. एक हलवला की दुसराही हलतो. ताबा घेताना आणि सोडताना मोठ्यानं बोलायचं, हा पहिला धडा. अण्णा बोलायचाच नाही, त्यावरून रोज शिव्या खायचा. त्या दिवशी जमिनीपासून थोड्याच उंचीवर यंत्र स्थिर धरायचा सराव चालला होता. ते जरा कललं म्हणून शिकवणाऱ्या साहेबांनी आपला दांडा किंचित दाबला आणि सोडला. आपल्या हाताखाली दांडा हलल्याबरोबर अण्णानं हात काढून घेतला. साहेबांना वाटलं, दांडा त्याच्याकडे आहे. तो कुणाकडेच नव्हता. यंत्र कलंडलं, पाती जमिनीला लागली. साहेब वाचले, म्हणून एवढं तरी कळलं.

घरी परतताना मला अप्पांचा भयंकर राग आला होता. सगळं त्यांच्या तोंडावर फेकायचं असं ठरवूनच पायरी चढलो. ते ओट्यावर वाट बघत बसले होते.

"काय म्हणला त्यो? कुटं चुकलं?"

"मशीन बिघडलं हुतं, अप्पा. अण्णाचं कायबी चुकलं न्हाई."

"व्हय?" एवढंच म्हणाले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. तार आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताका उलगडताना त्यांचा हात आला. मी माझा काढला नाही.

"अप्पा, सोडू का?" मी मोठ्यानं विचारलं. गिऱ्हाईक बघायला लागलं.

"इचारतोस काय?" अप्पा म्हणाले. "तुज्या अण्णाला कदी सांगावं लागलं न्हाई."

मी ताका सोडला.